आरटीसी, जीपीएस, मोडेमकडून आलेलं दोन अंकी वर्ष चुकतंय? १९२६, २०३८, २०८० असं काही दिसत असेल तर या क्रमाने तपासा

आरटीसी (वीज नसतानाही सेलवर चालणारी घड्याळाची चिप), जीपीएस, मोडेम असं हार्डवेअर वर्षाचे दोनच आकडे देतं आणि आपल्या कोडला चार लागतात, हा घोळ मी इतक्या वेळा निस्तरलाय की आता स्क्रीनवरचं चुकीचं वर्ष बघूनच बिघाड कुठे आहे याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. म्हणून आधी लक्षणं देतो. तुमच्याकडे दिसतंय ते वर्ष यात शोधा, मग खाली तपासणीकडे जा. उदाहरणांत खरं वर्ष २०२६ धरलंय.

लक्षणं

- २०२६ च्या जागी २०३८ दिसतंय: बीसीडी (प्रत्येक दशमान आकडा चार बिटांत ठेवायची पद्धत, खाली मुद्दा २) न उलगडताच वापरलंय.
- २०२५ सेट केलं आणि वाचताना २०१९ आलं, किंवा २०२६ सेट केलं आणि २०२० आलं: वाचताना बीसीडी उलगडलंय पण लिहिताना केलेलं नाही.
- १९२६ दिसतंय: शतक चुकीचं जोडलंय, किंवा १९०० पासून मोजणाऱ्या फील्डमध्ये सरळ २६ टाकलंय.
- ३९२६ दिसतंय: त्याच फील्डमध्ये २०२६ टाकलंय.
- २३४ किंवा उणे २२: चार अंकी वर्ष एका बाइटमध्ये कोंबलंय.
- महिना ८१ ते ९२ च्या मधला: शतकाचा बिट मास्क केलेला (बाजूला काढून शून्य केलेला) नाही.
- ६ जानेवारी २०८०: जीपीएसला किंवा मोडेमला अजून वेळच मिळालेली नाही.
- वीज गेली की दरवेळी १ जानेवारी २०००: सेल संपलाय किंवा बसवलेलाच नाही.
- तारीख बरोब्बर ३० वर्षं पुढे किंवा मागे: दोन लायब्ऱ्यांची मोजणी वेगवेगळ्या वर्षापासून सुरू होते.
- साधारण १९ वर्षं ७ महिने मागे: जीपीएसचा आठवड्याचा काउंटर गुंडाळला गेलाय.
- फक्त ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बिघडतं आणि ऑक्टोबरमध्ये आपोआप सुधारतं: ०८ आणि ०९ हे ऑक्टल (आठच्या पायाचे आकडे) म्हणून वाचले जातायत.

आता तपासण्या. सोपी आणि बिनखर्चाची आधी.

१. कच्ची बाइट छापा, बाकी काहीही करायच्या आधी

चिपमधून आलेली बाइट, जिला अजून कुठल्याच फंक्शनने हात लावलेला नाही ती, हेक्समध्ये (सोळाच्या पायात) लॉगला छापा. एका ओळीचं काम आहे पण बहुतेक लोक ते सोडून थेट शतकाच्या फॉर्म्युल्यात शिरतात, १९०० चं २००० कर, इथे एक अट घाल, तिथे शंभर वजा कर, आणि शेवटी एका चुकीवर दुसरी चूक बसून तात्पुरतं बरोबर दिसायला लागतं. कच्ची बाइट बघितली की प्रश्न लगेच दोन भागांत तुटतो: हेक्समध्ये २६ दिसलं तर चिप बरोबर आहे आणि चूक आपल्या कोडमध्ये आहे, आणि तिथेच काहीतरी वेगळं दिसलं तर कोडमध्ये डोकं घालण्यात अर्थ नाही, आधी चिप, सेल आणि सेट करणारा कोड बघा.

२. सेकंदांवरून बीसीडी ओळखा

डीएस१३०७, डीएस३२३१, पीसीएफ८५६३ या नेहमीच्या चिप्स तारीख-वेळ बीसीडीत ठेवतात, म्हणजे दशकाचा आकडा वरच्या चार बिटांत आणि एककाचा खालच्या चार बिटांत. उलगडायचं सोपं आहे: बाइटला १६ ने भागा, भागाकाराला १० ने गुणा, त्यात बाकी मिळवा. हेक्स २६ ही बाइट सरळ पूर्णांक म्हणून वाचली की ३८ होते, म्हणून २०३८.

हे बघायला वर्ष बदलायची वाट बघायची गरज नाही, मिनिटभर सेकंद छापत बसा. ९ नंतर एकदम १६ आलं, २५ नंतर ३२, आणि आकडा ८९ पर्यंत चढून शून्यावर आला तर बीसीडी उलगडलेलं नाही, शंकाच नको.

ही चूक लपून राहते कारण ०० ते ०९ पर्यंत बीसीडी आणि साधा आकडा सारखाच असतो. २००० ते २००९ अशी दहा वर्षं कितीतरी उपकरणांत ती शांत बसून होती आणि १ जानेवारी २०१० ला बाहेर आली, हेक्स १० म्हणजे १६, त्यामुळे त्या दिवसांत काही फोनवर आलेले एसएमएस २०१६ सालचे दिसत होते.

यातला सगळ्यात फसवा प्रकार मी एका डेटा लॉगरमध्ये बघितलाय. तास, मिनिटं, सेकंद, महिना सगळं लायब्ररी नीट उलगडत होती पण वर्ष मात्र कुणीतरी स्वतः हाताने लिहिलं-वाचलं होतं आणि दोन्हीकडे रूपांतर केलंच नव्हतं. २५ लिहिलं, २५ वाचलं, टेस्ट पास. पण २५ म्हणजे हेक्स १९, चिपच्या समजुतीप्रमाणे वर्ष १९ चालू होतं, नवीन वर्ष लागलं तसं चिपने ते हेक्स २० केलं आणि आपल्या कोडने ते वाचलं ३२. रात्री बारा वाजता २०२५ चं २०३२ झालं. वर्षभरात कुणाला काही दिसलं नव्हतं, दिसण्यासारखं काही नव्हतंच. म्हणून लिहिणं आणि वाचणं दोन्ही तपासा, आणि चिपला ३१ डिसेंबर २३:५९:५० वर सेट करून दहा सेकंद थांबून बघा. दुसऱ्या कुठल्याही टेस्टपेक्षा मला ही जास्त उपयोगी पडलीय.

पीसीच्या सीमॉस घड्याळात (मदरबोर्डवरच्या घड्याळात) मात्र बीसीडी आहे असं धरून चालू नका. तिथे स्टेटस रजिस्टर बी (रजिस्टर म्हणजे चिपमधली एका बाइटची जागा) मधला बिट २ सांगतो की आकडे बायनरी आहेत की बीसीडी. तो वाचा आणि त्याप्रमाणे उलगडा.

३. सेल आणि 'वेळेवर भरवसा नको' सांगणारा बिट

वर्ष ०० येत असेल तर शतक कुठलं याचा विचार करण्यात अर्थ नाही, घड्याळ बंद पडून पुन्हा सुरू झालेलं असतं. बटन सेल मल्टीमीटरने मोजा, नवा सेल ३ व्होल्टच्या वर दाखवतो, २.५ च्या खाली गेला असेल तर बदलून टाका. एक काळजी घ्या, काही स्वस्त डीएस३२३१ मॉड्यूलवर सेल चार्ज करणारा छोटा सर्किट असतो, तो रिचार्जेबल सेलसाठी आहे. तिथे साधा सीआर२०३२ लावून वर पाच व्होल्ट दिले तर सेल फुगू शकतो. साधा सेल लावायचा असेल तर चार्जिंगचा मार्ग आधी तोडा.

चिप स्वतः सांगते की मधे घड्याळ थांबलं होतं, फक्त आपण विचारत नाही. डीएस३२३१ मध्ये स्टेटस रजिस्टरचा बिट ७, पीसीएफ८५६३ मध्ये सेकंदाच्या रजिस्टरचा बिट ७ हे काम करतात. डीएस१३०७ मध्ये सेकंदाचा बिट ७ म्हणजे घड्याळ थांबवलंय. हा बिट लागलेला असेल तर तारीख वापरू नका, 'वेळ माहीत नाही' अशी नोंद करा. चुकीची तारीख लिहिण्यापेक्षा ते कितीतरी बरं, कारण चुकीची तारीख नंतर ओळखू येत नाही.

४. मोजणी कुठल्या वर्षापासून आहे ते डेटाशीटमध्ये बघा

लहानसा वर्षाचा आकडा दिसला की आपण शतकाची बाकी समजतो, पण प्रत्येक वेळी तसं नसतं. मॉनिटरच्या ईडीआयडीमधल्या (मॉनिटर स्वतःची माहिती देतो त्या डेटामधल्या) उत्पादन वर्षाच्या बाइटमध्ये १९९० मिळवायचे असतात, म्हणजे ३६ दिसलं तर २०२६. फॅट फाइल सिस्टीममधलं वर्ष १९८० पासून मोजतात आणि त्याला सात बिट आहेत म्हणून ते २१०७ पर्यंत जातं. सी भाषेत तारीख-वेळ ठेवणाऱ्या टीएम स्ट्रक्चरचं वर्ष १९०० पासून, म्हणजे २०२६ साठी १२६ टाकायचं. १९२६ आणि ३९२६ ही दोन्ही लक्षणं इथूनच येतात, आणि त्याच स्ट्रक्चरमधला महिना शून्यापासून सुरू होतो हेही लगे हात तपासा, कारण वर्ष चुकवणारा माणूस बहुतेक वेळा महिनाही चुकवतो.

३० वर्षांचा फरक दिसत असेल तर एव्हीआर-लिबसी (एव्हीआर मायक्रोकंट्रोलरसाठीची सी लायब्ररी) बघा, तिथे सेकंदांची मोजणी १ जानेवारी २००० पासून होते आणि बाकी बहुतेक जग १ जानेवारी १९७० पासून मोजतं. मधला फरक ९४,६६,८४,८०० सेकंद, तो एकदाच मिळवायचा, दोनदा नाही.

५. डेटा टाइप आणि मजकुरातून आकडा

आठ बिटांच्या व्हेरिएबलमध्ये २००० अधिक २६ मावत नाही, २५६ ने भागून बाकी २३४ उरते आणि साइन्ड (उणे आकडेही ठेवणारं) असेल तर उणे २२. बेरीज करायच्या आधीच मोठ्या टाइपमध्ये घ्या. आणि जीपीएस किंवा मोडेमकडून मजकूर येत असेल तर आकडा करणाऱ्या फंक्शनला बेस १० स्पष्ट द्या. सी मध्ये बेस शून्य दिला की पुढचं शून्य बघून ते ऑक्टल समजतं, ऑक्टलमध्ये ८ आणि ९ नसतात, म्हणून ०८ आणि ०९ चं शून्य होतं. वर्षाच्या बाबतीत हे आता दिसत नाही, २००८-०९ संपून गेले, पण महिन्यात दरवर्षी दोनदा दिसतं.

६. शतकाचा बिट

डीएस३२३१ आणि पीसीएफ८५६३ मध्ये महिन्याच्या रजिस्टरचा सगळ्यात वरचा बिट शतकासाठी आहे. तो लागलेला असताना मास्क न करता महिना उलगडला तर ८१ पासून पुढे आकडे येतात. मास्क करा, हा झाला सोपा भाग.

आता अवघड भाग. हा बिट लागलाय म्हणजे विसावं शतक की एकविसावं, हे चिपला माहीतच नसतं, तिला एवढंच माहीत की ९९ चं ०० झालं की तो बिट उलटा करायचा. अर्थ आपण ठरवायचा. काही ठिकाणी एक म्हणजे १९ धरलेलं असतं तर काही ठिकाणी २०, लिनक्समधल्या पीसीएफ८५६३ च्या ड्रायव्हरला तर दोन्ही प्रकार सांभाळून घ्यावे लागलेत. म्हणून जुन्या बोर्डवर नवीन फर्मवेअर टाकताना आधीचा कोड तो बिट कसा लिहीत होता ते शोधा. माझं मत विचाराल तर नवीन डिझाइनमध्ये शतकासाठी या बिटावर अजिबात विसंबू नका, सरळ २००० मिळवा. या चिप्सचा लीप वर्षाचा हिशोब तसाही २०९९ पर्यंतच खरा आहे, दर चार वर्षांनी लीप एवढंच त्यांना कळतं आणि २१०० हे लीप वर्ष नाही.

वारावरून शतक ओळखायचा प्रयत्नही करू नका. डीएस१३०७ मध्ये वार हा नुसता १ ते ७ फिरणारा काउंटर आहे, तारखेशी त्याचा काही संबंध नाही, कुणी चुकीचा लिहिला तर तो तसाच चुकीचा फिरत राहतो.

७. जीपीएस आणि मोडेम

एनएमईएच्या (जीपीएस रिसीव्हर ज्या मजकुराच्या पद्धतीत माहिती पाठवतात तिच्या) आरएमसी वाक्यात तारीख दिवस-महिना-वर्ष अशी सहा अंकी येते. फिक्स (उपग्रहांवरून काढलेलं स्थान) मिळायच्या आधी काही मॉड्यूल ०६०१८० पाठवतात, कारण जीपीएसची वेळच ६ जानेवारी १९८० ला सुरू होते, आपण त्यात डोळे झाकून २००० मिळवतो आणि २०८० होतं. काही सेल्युलर मोडेमही नेटवर्ककडून वेळ मिळेपर्यंत ८०/०१/०६ देतात. उपाय शतकाच्या फॉर्म्युल्यात नाही, आरएमसीमधलं स्टेटसचं अक्षर ए (वैध) आहे का ते बघण्यात आहे, व्ही (अवैध) असेल तर तारीख फेकून द्या.

१९ वर्षं ७ महिने हा प्रकार वेगळा. जुना जीपीएस सिग्नल आठवड्याचा नंबर दहा बिटांत पाठवतो, १०२४ आठवडे झाले की पुन्हा शून्य. ऑगस्ट १९९९ मध्ये एकदा झालं, ६ एप्रिल २०१९ ला दुसऱ्यांदा, पुढचं नोव्हेंबर २०३८ मध्ये. जुन्या रिसीव्हरचं फर्मवेअर ठराविक तारखेनंतर मागच्या फेरीत जाऊन पडतं आणि २०२६ ऐवजी २००६ दाखवतं. झेडडीए या दुसऱ्या एनएमईए वाक्यात चार अंकी वर्ष येतं म्हणून ते वापरून सुटका होईल असं वाटतं, पण ते चार आकडेही रिसीव्हरने त्याच आठवड्यावरून काढलेले असतात, चूक तशीच राहते. रिसीव्हरचं अपडेट मिळत नसेल तर आपल्या कोडमध्ये फर्मवेअर बिल्ड केल्याची तारीख ठेवा, आलेली तारीख त्याच्या आधीची असेल तर ७१६८ दिवस मिळवा. बिल्ड व्हायच्या आधी तो कोड चाललेला असूच शकत नाही, त्यामुळे ही खालची मर्यादा पक्की आहे. आरटीसीसाठीही हीच मर्यादा लावा, फक्त तिथे दिवस मिळवायचे नाहीत, घड्याळ सेट नाही असं धरायचं.

८. आता शतक ठरवण्याचा नियम

इथपर्यंत येऊनही प्रश्न उरला असेल तरच नियमाला हात लावा. आधी हे बघा की नियम तुम्ही लिहिलाय की लायब्ररी तुमच्या वतीने ठरवतेय. पायथन पोसिक्स या मानकाची रीत पाळतं, ६९ ते ९९ म्हणजे १९६९ ते १९९९ आणि ०० ते ६८ म्हणजे २००० ते २०६८. मायएसक्यूएलमध्ये सीमा एका घराने सरकलेली आहे, तिथे ६९ म्हणजे २०६९. जावाचं जुनं सिंपलडेटफॉरमॅट आजपासून ८० वर्षं मागे आणि २० वर्षं पुढे बघतं, नवीन टाइम पॅकेज सरळ २००० ते २०९९ धरतं. जावास्क्रिप्टमध्ये वर्ष म्हणून नुसतं २६ दिलं तर १९२६. एक्सेलची जुनी रीत २९ पर्यंत २०२९ आणि ३० पासून १९३०, आणि ती विंडोजच्या सेटिंगप्रमाणे बदलतेही. म्हणजे एकाच यंत्रातून आलेलं ३० पायथनमध्ये २०३० आणि कुणी ती सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की १९३० होऊ शकतं. वॉरंटी किंवा एक्स्पायरीच्या तारखांत हे आता अगदी जवळ आलंय.

माझी पद्धत अशी आहे की लायब्ररीकडे दोन अंकी वर्ष जाऊच द्यायचं नाही. एक संदर्भ वर्ष घ्यायचं, त्याचं शतक आलेल्या दोन आकड्यांना जोडायचं, आणि उत्तर संदर्भापेक्षा ५० हून जास्त पुढे गेलं तर १०० वजा, ५० हून जास्त मागे राहिलं तर १०० अधिक. संदर्भ २०२६ आणि आकडे ९८ असतील तर २०९८ येतं, ७२ ने पुढे, म्हणून १९९८. हा झाला सर्वसाधारण नियम, पण फील्डचा अर्थ माहीत असेल तर तो वापरा. उत्पादनाची तारीख भविष्यात नसते, एक्स्पायरी फार जुनी नसते, त्यामुळे प्रत्येक फील्डची विंडो (दोन आकड्यांसाठी धरलेली शंभर वर्षं) वेगळी असायला हवी आणि सगळ्या प्रोजेक्टसाठी एकच पिव्होट (जिथे शतक बदलतं तो आकडा) ठेवणं मला चूक वाटतं.

आणि संदर्भ वर्ष म्हणजे कोड चालतोय ते वर्ष नाही, डेटा मिळाला ते वर्ष. आजच्या तारखेवर सरकणारी विंडो लावून दोन अंकी वर्ष तसंच डेटाबेसमध्ये ठेवलं तर तीच नोंद काही वर्षांनी उघडल्यावर दुसऱ्या शतकात गेलेली दिसेल. म्हणून रूपांतर एकदाच करा, डेटा आत येतो त्या दारातच, चार अंकी ठेवा, शेजारी कच्चे आकडे आणि मिळाल्याची वेळ पण ठेवा. जागा नगण्य लागते आणि नियम चुकला असं नंतर कळलं तर पुन्हा गणित करता येतं.

९. कधीतरीच होतं, तेही वर्ष बदलताना

सगळ्यात त्रासदायक हे, कारण पुन्हा घडवून दाखवता येत नाही. एकेक रजिस्टर वेगळं वाचलं आणि मधेच बारा वाजले तर दिवस ३१ डिसेंबरचा आणि वर्ष पुढचं असं मिश्रण हाती येतं. डीएस१३०७ आणि डीएस३२३१ वाचन सुरू होताना सगळे आकडे बाजूला धरून ठेवतात, म्हणून सेकंदापासून वर्षापर्यंत सातही बाइट एकाच आयटूसी ट्रान्झॅक्शनमध्ये (चिपशी एका दमात केलेल्या देवाणघेवाणीत) वाचा. पीसीच्या घड्याळात अपडेट चालू असल्याचा बिट उतरेपर्यंत थांबा आणि दोनदा वाचून दोन्ही सारखं येतंय का बघा. डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत बहुतेक वर्षी पुढचं वर्ष दिसत असेल तर मात्र वाचन बरोबर आहे, तारीख छापताना आठवड्याच्या वर्षाचं फॉरमॅट चिन्ह वापरलं गेलंय, जावामध्ये मोठा वाय लिहिला की हे होतं.

कुठे थांबायचं

घड्याळाची चिप किंवा सेल मेन्सवर चालणाऱ्या उपकरणाच्या आत असेल तर आपण उघडू नका, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, हे इलेक्ट्रॉनिक्सच्या माणसाचं काम आहे. सोल्डर केलेला सेलही त्याच्याकडूनच बदलून घ्या, तापवलेला लिथियम सेल फुटू शकतो.

वैद्यकीय उपकरण, बिलिंगचा मीटर, हजेरी किंवा कायद्याने जपावे लागणारे लॉग यात वर्ष चुकत असेल तर तुमच्याकडे कोड असला तरी परस्पर दुरुस्ती करू नका, निर्मात्याला आणि ज्याच्यावर त्या नोंदींची जबाबदारी आहे त्याला लेखी कळवा आणि तोपर्यंत कच्चा डेटा हलवू नका. बंद फर्मवेअरच्या जीपीएस रिसीव्हरचंही तसंच, निर्माता अपडेट देत नसेल तर रिसीव्हर बदलणं एवढाच मार्ग उरतो.

आणि डेटाबेसमध्ये चुकीची वर्षं आधीच मिसळली असतील, काही १९२६, काही २०३८, काही बरोबर, आणि कच्चे आकडे ठेवलेले नसतील, तर एका अपडेट क्वेरीने ते सरळ करायला जाऊ नका. २०३८ ही खरी एक्स्पायरी पण असू शकते. आधी पूर्ण बॅकअप घ्या, लिहिणारं उपकरण बंद करा, आणि ज्याने असा डेटा आधी सावरलाय अशा डेटाबेसवाल्याला बोलवा, नोंदींचा क्रमांक आणि सर्व्हरवर पोचल्याची वेळ यावरून तो बऱ्याच नोंदींचं खरं वर्ष शोधून काढू शकतो.